शेवट गोड हाय का?

नाटकाचं तिकीट काढण्याआधी खिडकीतल्या माणसाला "शेवट गोड हाय का?" असं विचारणारा प्रेक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी रज्जाकभाई. गाव बीड, धंदा फळांचा आणि नाद पुण्याचा.

पुण्याचा नाद म्हटल्यावर तुमच्या मनात जे आलं ते नव्हे. रज्जाकभाई टेम्पोतून सीताफळं घेऊन जायचे, सकाळी मार्केट यार्डात माल उतरवायचे आणि टेम्पो परत निघेपर्यंतचा अख्खा दिवस त्यांच्या हातात उरायचा. बाकीचे व्यापारी टेम्पोखाली सतरंजी टाकून घोरत. हे मात्र एकदा उन्हाला वैतागून एका चित्रप्रदर्शनात शिरले, कारण दारातून गार हवा येत होती आणि आत जायला पैसे पडत नव्हते. "पानी प्यायला गेलतो सर, अन् एका निळ्या चित्रापुढंच उभा राह्यलो. लई बरं वाटलं." त्या दिवशी माणूस बिघडला तो बिघडलाच.

मग त्यांना छोटी नाट्यगृहं सापडली. एक तळघरातलं, एक कुणाच्या तरी गच्चीवर पत्रे टाकून केलेलं. तिथं हे डोक्यावर टोपी आणि अंगाला पिकल्या सीताफळांचा वास घेऊन पहिल्या रांगेत बसत आणि नाटक संपलं की नटांना गाठून निकाल सांगत. सीताफळ पिकायला आलं की त्याच्या खवल्यांमधल्या भेगा रुंदावतात, त्याला डोळे उघडणं म्हणतात. रज्जाकभाईंना कलेची परीक्षा तेवढी एकच ठाऊक. "पोरी, काम चांगलं हाय तुझं, पन डोळे उघडले न्हाईत अजून. चार दिवस आढीत ठेव." ती पोरगी हे ऐकून त्यांच्या पाया पडली म्हणे. पाया पडल्याचं मला खोटं वाटतं.

एका बोळातल्या पुस्तकांच्या दुकानात तर त्यांच्यासाठी स्टूल ठेवलेलं होतं. तिथं बसून हे पुस्तकांची फक्त शेवटची पानं वाचत. शेवट कडू निघाला की "हे उतरलंय" म्हणून पुस्तक जागेवर. दुकानदार एकदा म्हणाला, "काका, सुरुवातीपासून वाचा की." त्यावर हे म्हणाले, "सुरुवात काय साहेब, समद्यांचीच चांगली असती."

हा सगळा खटाटोप बायकोसाठी, जैनबभाभींसाठी होता. भाभींना गाडी लागायची. लग्न झाल्यावर रज्जाकभाई त्यांना पुणं दाखवायला निघाले आणि गावाबाहेर पालीच्या धरणापाशीच दोघं एसटीतून उतरली. भाभी परतीच्या गाडीतही बसेनात, म्हणून दोघं घरापर्यंत चालत आली. त्यानंतर भाभींनी गाडीचं नाव काढलं नाही. मग रज्जाकभाईच पुणं घरी आणायला लागले.

पुण्याहून आले की दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर नाटक व्हायचं. सगळी पात्रं रज्जाकभाईच. नायिकेसाठी भाभींची ओढणी, राजासाठी फळांचं खोकं. भाभी समोर लसूण सोलत बसायच्या आणि मी शेजारच्या माझ्या ओट्यावर चहा घेत फुकटात नाटक बघायचो. शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण नाटकाची गोडी मला त्या ओट्याने लावली. त्या संध्याकाळी आठवल्या की अजून जीव हळहळतो.

एकदा मीही त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो. तळघरातल्या नाटकात एक म्हातारी भांडून घर सोडून जाते. म्हातारा दार उघडं ठेवून वाट बघतो, हळूहळू अंधार होतो आणि नाटक संपतं. ती काही येत नाही. रज्जाकभाई नाक शिंकरत बाहेर आले. "तिकीटवाला गोड हाय म्हन्ला होता बे," ते पुटपुटले. त्यांनी मला बे म्हटलं ते त्या एकाच वेळी.

दुसऱ्या संध्याकाळी तेच नाटक ओट्यावर लागलं. म्हाताऱ्याने दार उघडं ठेवलं, अंधार पडला आणि रज्जाकभाई गप्प झाले. भाभींनी लसणावरून नजरही न उचलता विचारलं, "आली ना ती परत?"

"आली की," रज्जाकभाई म्हणाले आणि ओढणी डोक्यावर घेऊन लगबगीने दारातून आत आले. मला चहाचा ठसका लागला.

ते हात धुवायला गेले तसा मी हळूच म्हणालो, "भाभी, खऱ्या नाटकात ती येत नाही हो."

"मालूम है, सर," भाभी हसल्या. "कंच्याच नाटकात कुनी येत नसंल. पन तिथं आलं की यांचा गळा दाटतो. मंग मीच आनते तिला. तुमी नका सांगू त्यांना."

मी कधीच सांगितलं नाही.

भाभी गेल्या त्याला सीताफळांचे दोन हंगाम झाले. पहिल्या हंगामात रज्जाकभाईंनी माल दुसऱ्याच्या हाती पाठवला. यंदा मी मागे लागलो म्हणून स्वतः गेले. परत आल्यावर दुसऱ्या संध्याकाळी ते त्यांच्या ओट्यावर बसले नाहीत, माझ्याकडे आले. पुण्यात दोन भावांचं नाटक पाहिलं होतं. एकाच विहिरीवरून भांडण, दोघांचा अबोला. त्यात बाई नावालासुद्धा नव्हती. रज्जाकभाईंनी दोन्ही भाऊ झकास केले. मी पोट धरून हसलो, आणि किती दिवसांनी हसतोय हे माझं मलाच जाणवलं.

शेवट जवळ आला तसे ते थांबले. पुढचं विसरले असं वाटलं मला. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. शेजारी त्यांच्या घराचं दार उघडं होतं, तिकडे बघत होते.

मी विचारलं, "आली ना ती परत?"

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या दाराकडे.

"आली की, सर," ते म्हणाले.

मी चहा टाकायला आत गेलो आणि मुद्दाम उशीर लावला.