बेटावर नेलेलं कुलूप

परगावी जाताना स्वतःचं कुलूप न्यावं, हा माझा नियम. लोक हसतात. हसू देत! हसणाऱ्यांच्याच बॅगा चोरीला जातात.

त्या चिमुकल्या बेटावर एकाही खोलीला कुलूप नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, "इथे कोण कशाला काय नेतंय?" भोळी माणसं! मी आमच्या दाराला नारळाएवढं कुलूप अडकवलं.

सोबत बायको आणि सासूबाई. सासूबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आल्यापासून त्या लाटेत पाय बुडवायचं म्हणत होत्या, आणि मी "आज लाटा मोठ्या आहेत", "आज ऊन फार आहे" असं करत उद्यावर ढकलत होतो. निघायच्या दिवशी मात्र त्यांनी बजावलं, "आज बोट सुटायच्या आत पाय बुडवणार म्हणजे बुडवणार!"

"अगदी! आधी मी पाण्याचा अंदाज घेऊन येतो," मी म्हटलं. दाराला कुलूप ठोकलं, किल्ली चड्डीच्या नाडीला बांधली आणि पाण्यात शिरलो. पहिल्याच लाटेनं मला उलटंपालटं केलं. चड्डी वाचली, किल्ली गेली.

काठावर बायको उभी. "आई कुठाय?"

"तुझ्याबरोबर ना?"

"अहो, ती साडी बदलायला आत गेली होती!"

धावत जाऊन दारावर थापा मारल्या. आतून आवाज आला, "जावईबापू, दार अडकलंय वाटतं."

"घाबरू नका!" मी किंचाळलो. त्या मुळीच घाबरल्या नव्हत्या.

बेटावर कुलपंच नाहीत, तर कुलूपवाला कुठून असणार? मालकीणबाई आल्या. "कुलूप तोडायचंय?"

"हो, लवकर!"

त्यांनी हाक मारली. आचारी उलथनं घेऊन आला, नावाडी करवत घेऊन. दोघांनी आधी कुलूप तळहातावर तोलून पाहिलं. "झकास आहे हो!" आचारी म्हणाला. मग नावाडी सावकाश कडी कापायला बसला, आणि मालकीणबाई कुठेशा निघून गेल्या.

"अहो, बोटीची वेळ झाली!"

"मी इथे असताना बोट कुठे जातेय?" तो म्हणाला. आमच्याकडे बस शिंकायलासुद्धा थांबत नाही, आणि हा माणूस माझ्या मूर्खपणासाठी अख्खी बोट थांबवून बसला होता. खरं सांगतो, मला भरून आलं.

इतक्यात आतून आवाज येईनासा झाला. हाका मारल्या, तरी उत्तर नाही.

"एवढीशी हौस होती हो तिची," बायको म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करवत हिसकावून मीच कडीवर तुटून पडलो.

एकदाची कडी तुटली. खोली रिकामी! मागचं दार सताड उघडं. आल्या दिवशीच मी चोरांच्या धास्तीनं त्याच्यापुढे बॅगा रचल्या होत्या आणि तिथे दार आहे हेच विसरलो होतो. बाहेर पाहतो तर गुडघाभर पाण्यात सासूबाई, मालकीणबाईंचा हात धरून, लहान मुलीसारख्या खिदळत होत्या!

"मागचं दार आहे, हे सांगायचं नाही का?" मी मालकीणबाईंना विचारलं.

"तुम्ही कुलूप तोडायचं म्हणालात. बाहेर यायचंय, असं या म्हणाल्या."

बायको रडता रडता हसायला लागली आणि पाण्यात धावली. मी आचाऱ्याला, नावाड्याला, मालकीणबाईंना, सगळ्यांना हात जोडले. मनापासून जोडले.

सासूबाईंनी मात्र मलाच हात जोडले. "जावईबापू, तुमचे फार उपकार झाले! तुम्ही तिकडे कुलपात गुंतलात, म्हणून तर मला निवांत पाण्यात उतरता आलं."

"त्यात काय एवढं!" मी म्हटलं.