अंड्यांवर तुळशीपत्र

दत्तोपंतांच्या अंड्यांवर तुळशीपत्र ठेवलं ते मी. ऐन सूर्यग्रहणात, अंडी कोंबडीखाली असताना. मला कोणी सांगितलं नव्हतं. वकिली चालत नसली की माणसाला अशी कामं सुचतात.

दत्तोपंत पातूरकर राजापेठेत माझ्या शेजारी राहत आणि अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. आमच्या ब्राह्मणांच्या गल्लीत अंगणात कोंबडी पाळणारे ते पहिलेच. बरं, अंडी खात असते तर गल्लीने निदान चोरून वास तरी घेतला असता. ते अंडी फोडून बघत. काचेच्या बशीत अंडं फोडायचं आणि आतल्या लाल ठिपक्यावर भिंग धरून बसायचं. रस्त्याने कोणी जाताना दिसलं की हाक आलीच.

"वकीलसाहेब, या इकडे. काल अथी काईच नव्हतं. आज दिल धडकून राहिलं. याले कोनं सांगतलं, का तू दिल हो?"

"देवानं," मी म्हणायचो. कोर्टाला उशीर होत असे. माझ्या उशिराचा कोर्टाला पत्ता नसे, हा भाग वेगळा.

"शेजाऱ्यानं!" दत्तोपंत मांडीवर थाप मारत. "बीजात हुकूम असते, कबूल. पन सगळ्या पेशींजवळ हुकूम एकच. मंग एकीचा डोळा काहून होते आन् दुसरीचा पाय काहून होते? शेजारची तिले निरोप देते. मी हे होऊन राहिली, तू ते हो."

हे त्यांनी अंड्यापुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण गल्लीत कोणाचा मुलगा मॅट्रिकला नापास झाला, की हे विचारणार, "त्याच्या बाकावर कोन बसते?" कारकुनाने लाच खाल्ली, की, "बाजूच्या टेबलावर कोन हाये?" माझी वकिली का चालत नाही, याचाही त्यांनी छडा लावला. "तुमच्या एका अंगाले मी हावो. दुसऱ्या अंगाले कोन हाये?"

दुसऱ्या अंगाला गंगूआत्या राहत. आत्या आमच्या गल्लीचं हायकोर्ट. निकाल आधी, सुनावणी नाहीच.

दत्तोपंतांविरुद्धचा त्यांचा निकाल जुना होता. दत्तोपंतांची मुलगी कुसुम वरचा ओठ फाटलेला घेऊन जन्मली. पोटुशी असताना उमावहिनींनी ग्रहणात विळीवर वांगं चिरलं म्हणून पोरीचा ओठ चिरला, असं आत्या दर हळदीकुंकवाला सांगत. वहिनी समोर असल्या तरी सांगत. दत्तोपंत भांडायला उठत.

"आत्या, ओठ एका तुकड्याचा नसते. दोन्ही अंगानं पदर येते आन् मधात जुळते. निरोप चुकला का फट राहते. आन् ते जुळते दुसऱ्या महिन्यात. ग्रहन लागलं सातव्यात. सातव्यातलं वांगं दुसऱ्यात कसं जाईन?"

"ग्रहनाले महिना समजत नाई," आत्या म्हणत. यावर अपील नव्हतं.

तेव्हा दत्तोपंतांनी ठरवलं, की आता सगळ्यांच्या देखत ग्रहणात वांगी चिरायची, तीही कोंबडीसमोर. पिल्लांच्या चोची धड निघाल्या की वहिनींवरचा आरोप संपला. चोच जुळायचे दिवस नेमके ग्रहणात यायला हवे होते. ज्याने जन्मात पंचांगाला हात लावला नव्हता, तो माणूस कोंबडी बसवायचा मुहूर्त काढायला भटजींकडे गेला. भटजींनी गोत्र विचारलं म्हणतात.

ग्रहण लागलं. गल्लीची दारं बंद झाली, फटींना डोळे लागले. अंगणात दत्तोपंत विळीवर बसून वांगी चिरत होते आणि मी साक्षीदार. वांगी संपली, तसे ते दुधी आणायला आत गेले. ऊन पिवळं पडलं, कावळे गप्प झाले आणि माझा हात खिशात गेला. घरच्या पाण्यात टाकून उरलेली तुळशीची पानं बायकोने माझ्या खिशात कोंबली होती. टोपलीत अंड्यांवर बसलेली कोंबडी माझ्याकडे बघत होती. मी टोपलीत हात घातला.

एवढ्यावर थांबायचं, तर दुसऱ्या दिवशी मी हे आत्यांना सांगून बसलो. त्यांनी मला बेसनाचा लाडू दिला होता.

पिल्लं निघाली त्या दिवशी दत्तोपंतांनी सगळी गल्ली गोळा केली. एकेक पिल्लू उचलून चोच दाखवली. सगळ्या धड. लोक माना डोलवू लागले, तोच आत्या म्हणाल्या, "निंगतीनच धड. वकिलानं तुळशीपत्र ठेवलं होतं."

गल्ली हात जोडून आपापल्या घरी गेली. मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. दत्तोपंत पायरीवर बसले आणि पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत राहिले.

"गल्ली गेली खड्ड्यात, वकीलसाहेब. कुसुम झाली तवापासून तिच्या मायनं विळीले हात नाई लावला. घरची भाजी मी चिरतो. हिले वाटते, आपल्याच हातानं झालं. मले फक्त हिले दाखवाचं होतं. आता काय दाखवू?"

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण दत्तोपंत, सगळ्या अंड्यांवर कुठं ठेवलं? पुढच्या दोन-तीनवर ठेवलं तोच कोंबडीनं मनगटाचं मांस काढलं. मी पळालो. आत्यांना तेवढं सांगायचं राहिलं."

दत्तोपंतांनी वर पाहिलं. दारातून उमावहिनी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे बाकीचे उघडेच होते?"

"उघडेच, वहिनी."

त्या टोपलीजवळ बसल्या. एक पिल्लू उचललं, चोचीवरून अंगठा फिरवला, खाली ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. दत्तोपंत पुढचं पिल्लू त्यांच्या हाताशी सरकवत होते. शेवटचं पिल्लू वहिनींनी खाली ठेवलंच नाही. पदरात घेऊन त्या बराच वेळ रडल्या. मग डोळे पुसून माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, तुमाले एक काम पुरं करता येत नाई, हेच बरं हाये."