नेमूआण्णांची पंगत

गळ टाकून बसलेल्या माणसाला नदीवर शत्रू पुष्कळ. गढूळ पाणी, उलटा वारा, ऐन वेळी डुंबायला उतरणाऱ्या म्हशी. माझा शत्रू मात्र निराळाच होता. तो रोज सकाळी टोपलीभर पिठाच्या गोळ्या घेऊन यायचा, माझ्या वरच्या अंगाला एका सपाट धोंड्यावर मांडी घालून बसायचा आणि नदीतल्या माशांना पोटभर जेवू घालायचा. सगळ्यांची जेवणं आटोपली, की रिकामी टोपली झटकून मला म्हणायचा, "हां डाक्टर, आता टाका तुमचा गळ."

या शत्रूचं नाव नेमगोंडा. गाव त्यांना नेमूआण्णा म्हणायचं. आता नाव घेतलंच आहे तर अहो-जाहो करायला हवं, कारण माणूस वयानं माझ्या वडिलांएवढा होता.

आणि मी काही डॉक्टर नव्हतो. लढाईच्या त्या दिवसांत मी सांगलीच्या अलीकडे, कृष्णाकाठच्या एका गावी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मूळचा उंब्रजचा. तारळीच्या पाण्यात मासे धरत लहानाचा मोठा झालो. त्यामुळे बदलीच्या गावाला चांगली रुंद नदी आहे हे पाहून मला नोकरीपेक्षा तिचाच आनंद जास्त झाला. शिवाय दवाखान्यात टांग्याची घोडी यायची. त्यांच्या शेपटीचे केस वळले, की गळाला अशी दोरी होते की विचारू नका. घोड्याच्या तक्रारीही नसत. एकूण सगळं जुळून आलं होतं. आण्णा सोडून.

आण्णा आमच्या समोरच राहायचे. पुढे किराण्याचं दुकान, मागे घर, घरात काकू आणि ते. मूलबाळ नव्हतं. कडक जैन माणूस. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली, तर धोतराचा सोगा धरून भर रस्त्यात लंगडी घालत पलीकडे जायचे. असा माणूस माझ्यासारख्या गळवाल्यावर खरं म्हणजे चिडायला हवा. पण आण्णा चिडले असते तर बरं झालं असतं. मग मलाही भांडता आलं असतं. ते मुळी चिडायचेच नाहीत. फक्त माझ्या आधी येऊन माशांना जेवू घालायचे.

मी लवकर जायला लागलो. आण्णा त्याहून लवकर यायला लागले. मी जागा बदलून खाली डोहाच्या तोंडाशी गेलो. तिथे मासेच नव्हते. सगळे वर आण्णांच्या पंगतीला बसलेले.

त्या पंगतीतल्या मोठ्या माशांना आण्णांनी नावंही दिली होती. पाठीवर पांढरा डाग असलेला एक धटिंगण मासा सगळ्यांच्या आधी यायचा आणि दुसऱ्यांच्या वाटणीचंही खायचा. तो पाटील. शेपटीचा तुकडा गेलेली ती थोरली. आणि एक नेहमी कडेला रुसून उभा असायचा. चार वेळा बोलावल्याशिवाय पुढे यायचा नाही. तो जावई. आण्णा पाण्यावर हात थोपटून त्याची विनवणी करायचे, "या की पावणं, किती मानपान करून घ्याचा मानसानं?" इतकं झाल्यावर जावई यायचा आणि एकच गोळी खाऊन परत कडेला जायचा.

धान्यावर कंट्रोल आला, तेव्हा गावातल्या टवाळांना विषय मिळाला. देवळाच्या कट्ट्यावरून कुणीतरी हटकलंच, "आण्णा, हितं मानसास्नी जोंधळा मिळंना, आन् तुमी माशास्नी चारताय व्हय?"

"माज्या ताटातली भाकरी हाय ती," आण्णा म्हणाले. "सरकारनं ताटावर कंट्रोल आणलाय का अजून?"

आणि ते खरं होतं. काकू सांगायच्या, की दुकानातलं चिमूटभर पीठसुद्धा ते नदीवर नेत नाहीत. एक वेळची स्वतःची भाकरी खात नाहीत, तिच्या पिठाच्या गोळ्या होतात. "घरात हाका मारायला दुसरं कोण हाय?" काकू पुढे म्हणाल्या होत्या. "म्हून तकडं जात्यात." एवढं बोलून त्या तांदूळ निवडायला लागल्या.

कुणी काहीही विचारो, आण्णांचं उत्तर ठरलेलं असे. "पोट कुणाला चुकलंय?"

नदीवर ऊद यायचे, पाणमांजरं. चार-पाच जणांचं कुटुंब शिट्ट्या मारत यायचं आणि आण्णांच्या पंगतीतला एखादा जेवणारा उचलून पलीकडच्या वाळूवर निवांत खात बसायचं. आण्णा टाळ्या वाजवून त्यांना हाकलायचे, पण जीव तोडून नाही. "त्यांची बी पोरं हाईत. पोट कुणाला चुकलंय?"

एकदा तर प्रत्यक्ष मगर आली. आमच्या भागातल्या कृष्णेला मगरींचं काही अप्रूप नाही, पण दहा हातांवर डोकं वर काढल्यावर अप्रूप वाटतं. मी हातातला गळ तिथेच सोडून पळालो आणि मिळेल त्या झाडावर चढलो. झाड बाभळीचं होतं हे वर गेल्यावर कळलं. आण्णा मात्र धोंड्यावर उभे राहिले, हात जोडले आणि वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं तिला म्हणाले, "आवं, जरा पल्याड व्हा की. लेकरं जेवाय बसल्यात."

मगर थोडा वेळ तशीच राहिली, मग बुडाली. तिला मराठी समजली की पोट भरलेलं होतं, हे मी सांगू शकत नाही. माझ्या अंगातले काटे मात्र बैलांच्या चिमट्यानं काढावे लागले.

झाडावरून उतरताना मी वैतागून म्हणालो, "आण्णा, उदाला पोट आहे, मगरीला पोट आहे. मग मला नाही का? मी गळ टाकला तेवढा तुमच्या डोळ्यांवर येतो!"

आण्णा मनापासून हसले. "तुमचं पोट येगळं हाय, डाक्टर. ऊद दोडकं खात न्हाई. तुमी खाता."

आणि खरोखर, मी रिकाम्या हातानं परतलो की संध्याकाळी आण्णांच्या घरून दोडकी यायची. कधी गवारी, कधी दह्याचं गाडगं. माशाची भरपाई. माझी बायको इंदू हसून म्हणायची, "आवं, तुमी रोज जात जावा नदीवर. भाजीचा प्रश्नच मिटला." क्वचित एखादा मासा मला लागायचाच. त्या दिवशी आमच्या घरात फोडणी पडली, की समोरचं दार हळूच लोटलं जायचं. भांडण नाही, टोमणा नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडं आणि आण्णा धोंड्यावर.

त्या उन्हाळ्यात इंदू मुदतीच्या तापानं आजारी पडली. ताप उतरला, पण माणूस उरलं नव्हतं. अन्नावरची वासनाच गेली. पेज दिली, तोंड फिरवायची. काकूंनी मुगाचं कढण करून आणलं, आण्णांनी ताज्या दह्याची निवळ पाठवली. चमचाभर घ्यायची आणि डोळे मिटायची. सांगलीहून डॉक्टर आले, खरे, माणसांचे. म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं. तिच्या मनाला येईल ते हलकं काहीतरी द्या, पण खाल्लं पाहिजे. नाही खाल्लं तर उठणार नाही."

मी तिच्या उशाशी बसून विचारलं, काय खावंसं वाटतं? ती म्हणाली, "माशाचं कालवण. आईच्या हातचं असायचं तसं, पातळ."

गावचे भोई त्या दिवसांत जाळी घेऊन खाली हरिपूरच्या संगमाकडे गेलेले. बाजारात मासा नाही. राहिलो मी आणि माझा गळ. मी नदीवर गेलो. वरच्या धोंड्यावर पंगत नेहमीसारखी उठली, आणि माझा गळ दुपारपर्यंत तसाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. आण्णांना सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? ज्यांना तुम्ही नावानं हाका मारता, त्यांच्यातला एक मला द्या, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

त्यांनीच विचारलं. टोपली झटकून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वैनी जेवल्या का?"

"नाही."

"काय बी मागत न्हाईत?"

"एकच गोष्ट मागते," मी म्हणालो. मी हातातल्या गळाकडे पाहिलं. आण्णांनीही पाहिलं.

"दोडकं चालायचं न्हाई," ते हळूच म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच. मग टोपली काखोटीला मारून, मागे न बघता घाट चढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडा रिकामा होता.

मी त्या गावात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. पाऊस असो, थंडी असो, काकूंचं माहेरचं लग्न असो, आण्णा नदीवर आले नाहीत असा दिवस नव्हता. मी थोडा वेळ वाट पाहिली. धोंड्याजवळचं पाणी हलत होतं. सगळी पंगत वेळेवर येऊन बसली होती, वाढपी तेवढा नव्हता. मासे धोंड्याला घासून जात होते, तोंडं वर काढत होते. आण्णा का आले नाहीत ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मी हातात गळ घेऊन तिथे उभ्या उभ्या रडलो.

मग डोळे पुसले आणि गळ टाकला. टाकायचा अवकाश, लागला. ओढून वर घेतला तेव्हा पाठीवरचा पांढरा डाग दिसला. सगळ्यांच्या आधी येणारा तोच. त्याच्यानंतर आणखी एक सहज मिळाला असता, पण मी दोरी गुंडाळली आणि घरी आलो.

कालवण मीच केलं. तिखट नावाला, लसूण जरा जास्त, पातळ. फोडणी दिल्यावर सवयीनं समोर पाहिलं. दार लोटलेलं नव्हतं, सताड उघडं होतं. इंदूनं वास घेतला, भिंतीला टेकून बसली आणि भाताबरोबर एक वाटी संपवून दुसरी मागितली. त्या दुसऱ्या वाटीची किंमत ज्यानं असं आजारी माणूस उशाशी घेऊन दिवस काढले असतील, त्यालाच कळेल.

मी हात धुवून समोर गेलो. आण्णा दुकानाच्या ओट्यावर बसले होते. चेहरा सुकलेला. दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "बघा की तुमी तरी. काल सांजपासनं तोंडात पानी बी घितलं न्हाई. म्हन्त्यात, आज नदीतली लेकरं उपाशी हाईत, मी कसं जेवू?"

आण्णांनी काकूंना हातानं गप्प केलं आणि मला विचारलं, "खाल्लं?"

"खाल्लं, आण्णा. भात खाल्ला. दोन वाट्या कालवण."

आण्णांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. वाकलो, तर त्यांनी वरच्यावर हात धरले. "आवं, असं काय करताय? पोट कुणाला चुकलंय?" म्हणाले, आणि काकूंकडे वळून, "आता दे पानी."

कुठला मासा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर गेलो तो केवळ त्यांच्याशेजारी बसायला. गळ सवयीनं हातात होता इतकंच. आण्णा धोंड्यावर होते, टोपली भरलेली. त्यांनी पहिली मूठ टाकली आणि थांबले. पाण्याकडे बघत राहिले. कडेचं पाणी हललं, एक मासा पुढे आला आणि त्यानं गोळी उचलली.

"आज जावईच पैला आला," आण्णा म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांनी आणखी एक मूठ टाकली, हात पाण्यात बुचकळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डाक्टर, वैनींना आनकी लागंल तर सांगा. उद्या बी यायचा न्हाई मी."

"नको, आण्णा," मी म्हणालो. "आज सकाळी तिनं भाकरी मागितलीय."

"भाकरी?" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी राहिलेली टोपली एकदम पाण्यात उपडी केली. जावयाला, थोरलीला, सगळ्यांना. मग टोपली झटकून उठले आणि म्हणाले, "हां, मग टाका तुमचा गळ."

मी टाकला. काही लागलं नाही. संध्याकाळी घरी दोडकी आली, आणि इंदूनं ती भाकरीबरोबर चवीनं खाल्ली.