मास्तरांनी वाळवंट निवडलं

"वाळवंट कसं निवडायचं ते मला शिकवू नका! उभा जन्म वाळवंट शिकवण्यात गेलाय माझा!"

भूगोलाच्या मास्तरांनी हे वाक्य जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून उच्चारलं, तेव्हा पाण्याचा पेला आडवा झाला आणि पाणी थेट मेहुण्याच्या मांडीवर गेलं. मास्तर निवृत्त झाले होते, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वाळूच्या टेकड्या कशा सरकतात, दिवसाची भट्टी रात्री गारठून कशी जाते, निवडुंग पाणी कुठे लपवतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. उणीव एकच, अगदी बारीकशी. त्यांनी वाळवंट कधी पाहिलेलं नव्हतं! समोरच्या इमारतीच्या बांधकामासाठी रस्त्यावर ओतलेला वाळूचा ढीग हीच त्यांची आजवरची मोठ्यात मोठी वाळू. त्या ढिगातही त्यांची चप्पल रुतली होती आणि ती काढायला गवंड्याला बोलवावं लागलं होतं.

घरच्या सहली ठरवायचा मान आतापर्यंत मेहुण्याकडे होता. मेहुणा गाद्यांचा व्यापारी. त्याच्या मते जगात दोनच प्रकार, मऊ आणि कडक. त्याने निवडलेल्या ठिकाणी झोप झकास लागायची आणि त्यापलीकडे काही घडायचं नाही. मंडळी डोंगरावर गेली, झोपली. समुद्रावर गेली, झोपली. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, समुद्र कसा होता हो? मेहुणा म्हणाला, "गादी छान होती."

या वर्षी मात्र मास्तरांनी बंड पुकारलं. एक रात्र तरी खऱ्या वाळूवर, उघड्या आकाशाखाली काढायची! फळ्यावर खडूने ठिपके काढून वाळवंट दाखवणाऱ्या माणसाला एवढं मागायचा हक्क नाही का?

"निवडा की, भावोजी," मांडी पुसत मेहुणा म्हणाला. "या खेपेला तुम्हीच निवडा. पण फसलात, तर इथून पुढे मी नेईन तिथे मुकाट यायचं. हूं की चूं करायचं नाही."

"आणि नाही फसलो तर?"

"तर दर वर्षी तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा!"

"पूर्व दिशा मी म्हणून होत नसते. तो पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे," मास्तर म्हणाले. पण अट त्यांनी मान्य केली.

"अहो, पृथ्वी राहू द्या. आधी पेला उचला," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात वर्ग भरला. मास्तरांनी माळ्यावरचा फळा खाली काढला, त्यावर वाळवंटातल्या मुक्कामाच्या तीन तळांची नावं लिहिली आणि तो सोफ्यावर टेकवला. समोर विद्यार्थी तीन. बायको, मेहुणा आणि लेक. लेक दातांची डॉक्टर होती आणि आईवडील सोडून सगळं जग तिच्यापुढे आ वासून बसायचं.

"तळ क्रमांक एक," मास्तरांनी छडी टेकवली. "इथे पोहण्याचा तलाव आहे. बाद!"

"तलाव असला तर बाद का?" मेहुण्याने विचारलं.

"वाळवंटात पोहायला जाणं म्हणजे लग्नाला जाऊन डबा उघडून जेवणं! तळ क्रमांक दोन. हा महामार्गाला लागून आहे. तंबूत पडल्या पडल्या ट्रकचे नंबर वाचता येतील. हाही बाद!"

"बाबा, या तिसऱ्या कॅम्पमध्ये बाथरूम आहे का?" लेकीने विचारलं.

"तळ म्हण, तळ! आणि ते वाळवंट आहे, तुझा दवाखाना नव्हे!"

मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा तिसऱ्या तळाच्या मालकाला फोन लावला.

"काय काय आहे हो तुमच्याकडे?"

"काही नाही साहेब," पलीकडून खणखणीत आवाज आला.

"काही नाही म्हणजे?"

"खाली वाळू. वर आकाश. मधे तंबू."

मास्तरांचे डोळे पाणावले. इतकं सुंदर उत्तर त्यांना एकाही परीक्षेत एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं! तिथल्या तिथे त्यांनी तळ पक्का केला आणि वर्गाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"कोणाला काही अडचण?"

आता भित्रा ठरायला कोण तयार होणार? बायको म्हणाली, "मला काय, मी कुठेही राहीन." लेक म्हणाली, "मला चालेल." आणि जो माणूस लग्नाच्या जेवणालाही स्वतःची उशी गाडीत घालून नेतो तो मेहुणा म्हणाला, "मला तर दगडावरही झोप लागते!"

इथवर सारं ठीक चाललं होतं. मास्तर घरी बसून स्वस्थ राहिले असते तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण मास्तर पडले अभ्यासू. जाण्याआधी उजळणी करावी म्हणून ते वाचनालयात गेले आणि वाळवंटी प्राण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. अज्ञानात सुख असतं म्हणतात, ते पहिल्याच प्रकरणात संपलं. विंचू बुटात शिरून बसतो! अंथरुणाच्या उबेला येतो! खाली चित्रही होतं, आणि चित्रकाराने हात आखडता घेतला नव्हता.

संध्याकाळी मास्तर "टाकी भरली का बघून येतो" असं सांगून गच्चीवर गेले. टाकीच्या आड उकिडवे बसले. तोंडावर रुमाल धरून त्यांनी तळाच्या मालकाला फोन लावला.

"हॅलो, मी मास्तरांच्या मंडळींपैकी एक बोलतोय. तुमच्याकडे विंचू आहेत का?"

"हवेत का?" मालकाने नम्रपणे विचारलं.

"नकोत! मुळीच नकोत! तसं मला काही नाही हो. पण आमच्यात एकजण जरा घाबरट आहेत."

"बरं बरं. झाडून घेऊ साहेब."

मास्तरांना हायसं वाटलं. पण पुस्तकात प्रकरणं बरीच होती! दुसऱ्या संध्याकाळी साप निघाले. तिसऱ्या संध्याकाळी कोल्हे. त्यानंतर वाळूची वादळं. टाकी रोज भरायला लागली. शेवटी एकदा मास्तर म्हणाले,

"तंबूच्या चारी बाजूंना काही आडोसा करता येईल का?"

"भिंत म्हणता?"

"भिंत असं मी म्हटलेलं नाही."

"वर छप्पर हवं का?"

"छप्पर हा शब्द मी उच्चारलेला नाही. पण समजा, पाऊस आला..."

"वाळवंटात, साहेब?"

"अपवादात्मक परिस्थितीत येतो. तसं पुस्तकात आहे."

"समजलं," मालक म्हणाला. "काळजी सोडा. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणजे देव!"

मास्तर गच्चीवरून उतरले ते अगदी निर्मळ मनाने. भिंत मागितली नव्हती, छप्पर मागितलं नव्हतं. वाळवंटाच्या केसालाही धक्का लावलेला नव्हता! जेवायला बसेपर्यंत ते सगळं विसरूनही गेले. स्वतःच्या भ्याडपणाच्या बाबतीत माणसाची स्मरणशक्ती फार सोयीची असते.

मेहुण्याच्या गाडीतून मंडळी निघाली. वाटेत झाडं विरळ झाली, मग खुरटली, मग संपली. मास्तर खिडकीतून बोट दाखवून एकेकाची कारणं सांगत होते. मागच्या सीटवर बायको आणि लेक झोपल्या होत्या. मेहुणा गाडी चालवत असल्यामुळे त्याला झोपता येत नव्हतं, आणि हे दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

उन्हं कलताना तळ आला. मास्तर गाडीतून उतरले आणि खिळल्यासारखे उभे राहिले. नजर जाईल तिथवर वाळू! वाऱ्याने तिच्यावर बारीक लाटा उमटवल्या होत्या, हुबेहूब पुस्तकातल्यासारख्या. नाही, पुस्तकाहून कितीतरी सरस. आणि तिच्यावर भगव्या कापडाच्या तंबूंची एक रांग. मास्तरांनी वाकून मूठभर वाळू उचलली. ती अजून कोमट होती. बोटांच्या फटींतून त्यांनी ती हळूहळू गळू दिली. जन्मात पहिल्यांदाच मास्तर वाळवंटाविषयी गप्प राहिले.

"वा, भावोजी!" मेहुणासुद्धा नकळत म्हणून गेला.

एवढ्यात मालक हसतमुखाने लगबगीने आला. "या, या! तुमचा तंबू तिकडे नाही बरं का. तुमची खास सोय केलीय!"

तो त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे सिमेंटचा एक लांबलचक हॉल होता, धान्याचं गोदाम असतं ना, तसा. मालकाने दार उघडलं, दिवे लावले आणि अभिमानाने बाजूला झाला.

हॉलच्या मधोमध, गुळगुळीत फरशीवर, एक तंबू उभा होता!

फरशीत खुंट्या ठोकता येईनात म्हणून त्याच्या दोऱ्या खिडक्यांच्या गजांना बांधल्या होत्या. वर पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने तंबू घोरणाऱ्याच्या पोटासारखा वरखाली होत होता. तंबूला लागूनच बाथरूमचं दार. समोरच्या भिंतीवर वाळवंटाचं मोठं रंगीत चित्र. कोपऱ्यात वाळूचा एक छोटासा ढिगारा.

"चाळून घेतलीय," मालक म्हणाला. "पायाला खडा टोचायला नको."

मेहुणा तंबूत डोकावला. अंगठा सवयीने आपोआप गादीत गेला. "अरे वा! दाबली की वर येतेय!" तो खुशीत म्हणाला. मग त्याला अट आठवली आणि त्याने दुःखी चेहरा केला. "फसलात हो, भावोजी. फारच फसलात."

मास्तर पांढरेफटक पडले. "हे... हे काय आहे? मी वाळवंट मागितलं होतं!"

मालक गोंधळला. "पण साहेब, तुमच्याच मंडळींचे फोन आले की! एक बाई म्हणाल्या, बाथरूम तंबूला चिकटून हवं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, दाराला आतून कडी हवी. आता कापडाला कडी कुठे लावू? एक साहेब म्हणाले, मऊ गादी आणि डोक्यावर पंखा. मग पंखा टांगायला छत नको?"

मास्तर गर्रकन वळले. तिघेही चित्रातलं वाळवंट निरखून पाहत होते.

"तू?" मास्तर बायकोला म्हणाले.

"हो, मी! वाळवंट तुमचं असेल, गुडघे माझे आहेत!"

"आणि तू गं?"

"बाबा, दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघते मी. रात्री दार तरी बंद असू दे!"

मेहुण्याला विचारायची गरजच नव्हती. तो तंबूत अर्धा आडवा झाला होता.

मग मात्र मास्तरांचा तोल सुटला. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज हॉलभर घुमला. "घरभेदी! सगळे घरभेदी! लाज वाटते मला! एक रात्र, फक्त एक रात्र मातीवर पाठ टेकायची, तर यांना कडी हवी, पंखा हवा! असल्या भेकडांना घेऊन मी वाळवंटात आलो! विंचवाला भ्यायचं असेल तर माणसाने घरी बसावं!"

मालक मान तिरकी करून ऐकत होता. "विंचू" म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्हीच ते! आवाज ओळखला मी! विंचूवाले साहेब! रोज संध्याकाळी फोन करायचात!"

आता मास्तर घाईघाईने चित्रातलं वाळवंट निरखू लागले.

"चारी बाजूंनी आडोसा, वर पावसाची सोय... त्या सांगण्यावरूनच तर तंबू आत घेतला!" मालक कौतुकाने म्हणाला. "बाकीच्यांचं बाहेरही भागवलं असतं मी, पंखा बांबूला टांगून आणि कडीऐवजी दोरी बांधून."

बायको हळूच म्हणाली, "तरीच! एवढी टाकी भरूनसुद्धा सकाळी नळाला पाणी नसायचं."

आणि मग तिघांनाही जे हसू फुटलं, ते आवरेना. लेकीने खुर्ची धरली. मेहुणा गादीवर लोळला. मालकही गिऱ्हाइकाचा मान राखून तोंडातल्या तोंडात हसला.

"आणि बाहेरच्या तंबूंत कोण राहतं?" मास्तरांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"कोणी नाही साहेब. ते फोटोसाठी आहेत. लोक बाहेर फोटो काढतात आणि आत झोपतात. असे अजून हॉल आहेत मागे, सगळे भरलेत. आलेल्या प्रत्येकाने असाच गुपचूप फोन केलेला असतो."

मेहुणा उठून बसला. डोळे पुसत त्याने मास्तरांचा हात हातात घेतला. "भावोजी, मानलं तुम्हाला! इतकी आरामाची जागा मला जन्मात सापडली नसती. पुढच्या वर्षीही तुम्हीच निवडायची. दर वर्षी तुम्हीच!"

म्हणजे पैज मास्तरांनी जिंकली होती. पण अशा जिंकण्यापेक्षा हरणं परवडलं असतं! त्यांनी हात सोडवून घेतला, पलंगपोस ओढून खांद्यावर टाकला आणि छाती पुढे काढली.

"मी बाहेर झोपणार आहे. वाळूवर. एकटा!"

"अहो, असं काय करता..."

"अडवू नका मला!"

कोणी अडवलं नव्हतं. मास्तर ताठ मानेने बाहेर पडले. अंधार नुकताच पडत होता आणि दूर कुठेतरी काहीतरी ओरडत होतं. मालक चहा ठेवून गेला. लेकीने दार लोटून कडी लावली. बायकोने मास्तरांचा कप बशीने झाकून बाजूला ठेवला. इतरांनी कप तोंडाला लावले, तोच दारावर थाप पडली. मग दुसरी, जरा घाईची.

"कोण आहे?" बायकोने विचारलं.

"मीच," बाहेरून आवाज आला. "उघडा लवकर. बघून झालं वाळवंट."