अंजनाबाईच्या पोटचा हिरो

सोमाजीची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं लागेनात! का नाही फुगणार? नागभीडजवळच्या त्याच्या गावात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि हिरोची आई झाली होती त्याची बायको अंजनाबाई!

"अशी बाई शोधून सापडत नाई," तो पानठेल्यावर सांगे. "मनातलं ओठावर येऊच देत नाई! माहा एवढा संसार झाला, पन मले तिच्या मनाचा पत्ता नाई!"

सिनेमातली आईही तशीच, तोंडाला कुलूप लावलेली. हिरोचं प्रेम जडतं मावसबहिणीवर. आता लग्न कसं लागणार? म्हणून शेवटी आईनं घरचं गुपित फोडायचं, की हा माझ्या पोटचा नाहीच! मग वाजंत्री, हार, अक्षता.

त्या सीनला सोमाजीनं सासुरवाडीसकट सगळं गाव मांडवात आणून बसवलं. हिरो स्वप्निल रडवेला होऊन म्हणाला, "आई, खरं सांग, मी कोनाचा?"

अंजनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. शूटिंगभर पोरगा तिच्याच चुलीपाशी जेवला होता. तिनं त्याला गच्च कवटाळलं.

"माहाच लेकरू हायेस तू! माह्या पोटचा!"

मांडवभर टाळ्या! डायरेक्टर संघपाल किंचाळला, "कट! काकू, असं काऊन बोलता? हे त बहीण-भाऊ झाले ना! आता लग्न कसं लावू?"

"नोको लावू! माह्या हातचं जेवला तो. चार लोकांत त्याले परका म्हनू?"

दुसऱ्या टेकला तर तिनं बाळंतपणच सांगितलं! एका म्हातारीनं उठून हिरोईन भाग्यश्रीच्या हातातला हार हिसकावला. "भावाले हार घालते वं? लाज नाई वाटत?"

संघपालनं हात जोडून तिची समजूत घालायला सोमाजीला पुढं घातलं. सोमाजी गेला, पण बायकोच्या कुशीतला स्वप्निल पाहून तोच तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. पोटी लेकरू नव्हतं त्याच्या.

"सर," तो ताठ मानेनं म्हणाला, "आमाले नाई सांगवत. तुमची ष्टोरी बदलवा!"

शेवटी काय? लग्नाच्या मांडवात भाऊबीज झाली आणि सिनेमा संपला! तो गावात दाखवला तेव्हा आयाबाया पदरानं डोळे पुसत होत्या आणि सोमाजी पडद्याऐवजी लोकांकडेच पाहत होता.

पुढं स्वप्निल पेढे घेऊन आला. सोबत लाजत उभी भाग्यश्री.

"आई, बाबा, आमचं जमलं. खरोखरचं लग्न हाये!"

सोमाजीनं हरखून पेढा उचलला. अंजनाबाईनं तो त्याच्या हातातून काढून डब्यात परत ठेवला.

"मावसबहिनीसंग? मी जित्ती असताना नाई!"