गाळीव वीज

जैनाच्या घरी पाणी गाळून पितात, यात नवल नाही. भूपालअण्णा वीजही गाळून घेत.

"खांबावरनं येती ती लाइट म्हंजे ओढ्याचं पाणी हो बाई," मी त्यांच्या माडीवर राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं. "सगळ्या गावाच्या मोटारी तिच्यात म्हशी धुत्यात. तसली लाइट गाण्याला पाजायची व्हय?"

मी मूळची फलटणची. तासगावच्या शाळेत बदली झाली आणि अण्णांची माडी भाड्याने मिळाली. अण्णांचा जन्म बेदाण्याच्या व्यापारात गेला. आता दुकान पुतण्या बघतो. अण्णांच्या पत्नी, काकू, नातवाला सांभाळायला पुण्याला मुलाकडे गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. मागे उरले अण्णा, सात खोल्या आणि स्टिरिओ.

स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकर, एक ॲम्प्लिफायर आणि समोर एकच खुर्ची. बाकीचा पसारा विजेचा. एक जाडजूड ट्रान्सफॉर्मर, एक स्टॅबिलायझर, एक इन्व्हर्टर आणि भिंतीकडेला मोठ्या बॅटऱ्यांची रांग. चहा प्यायला घरात कप दोनच शिल्लक होते. बाकीचे जमिनीवर पालथे घालून त्यांच्यावर वायरी ठेवल्या होत्या. वायर फरशीला टेकली की आवाज बसतो, असं अण्णांचं म्हणणं. स्पीकरखाली ग्रॅनाइटच्या लाद्या होत्या. काकू दिवाळीला आल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्याला एक कोपरा कमी होता. अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा केलेला होता, आणि सकाळी जास्वंदीच्या आधी पाणी त्या खड्ड्याला मिळे.

आवाजाची प्रत अण्णा बेदाण्यावरून ठरवत. माझ्या मोबाइलवरचं गाणं ऐकून ते म्हणाले, "काळा माल हाय हा. देठासकट." मग मला खुर्चीत बसवून स्वतःचं ऐकवलं. "आता बघा. हिरवा, लांब, एकसारखा." आणि एखादी वायर बदलली की ठरलेला प्रश्न यायचा, "फरक पडला का न्हाई?"

मला कधीच कळायचं नाही. पण ते इतक्या आशेने बघायचे की मी "पडला" म्हणायची. एकदा अशीच म्हणाले, तर अण्णा हातातली वायर दाखवून म्हणाले, "मी अजून बदललीच न्हाई." त्या दिवशी जिना चढताना माझे कान तापले होते.

मग एक दिवस डाव्या स्पीकरमध्ये घुरघुर सुरू झाली. अण्णांनी वायरी उपसल्या, कप सरकवले, सगळं बॅटरीवर टाकून पाहिलं. घुरघुर जाईना. त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. "अर्थिंगमधनं येतंय," ते म्हणाले. "गल्लीत कुणीतरी घाण सोडतंय."

रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. हातात जुना ट्रान्झिस्टर होता. त्यावर स्टेशन लागू द्यायचं नाही, नुसती खरखर ठेवायची. खरखर जिथं वाढेल तिथं चोर. "तुमी संगं चला. बाई बरोबर हायत म्हटल्यावर लोक दारं उघडत्यात."

अण्णा पुढे, रेडिओ कानाशी, आणि मी मागे. इस्त्रीवाल्याला त्यांनी इस्त्री बंद करायला लावली. एका घरात फ्रिज बंद करवला. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दारात भांडी घासत होती. तिने विचारलं, "बाई, काय हरवलंय का?" मी काय सांगणार? पदर सारखा करून पुढे झाले.

जोतीरामांच्या दाराशी रेडिओ एकदम भुंकायला लागला. जोतीराम एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची आणि अण्णांची भिंत एकच, पण बोलणं-चालणं नावाला. ते दार अडवून उभे राहिले.

"आमच्यात काय न्हाई अण्णा. पंखा हाय नुसता."

"पंखा असला आवाज करत न्हाई."

"न्हाई म्हटलं न्हवं?"

"मग दाखवायला काय हुतंय?" अण्णांचा आवाज चढला. "का आकडा टाकून लाइट चोरताय?"

गल्लीतली भांडी वाजायची थांबली. जोतीरामांच्या मानेपर्यंत रक्त चढलेलं मला दिसलं. मी अण्णांची बाही ओढली, पण शब्द सुटून गेला होता. तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "येऊ द्या त्यांस्नी आत."

आत खाटेवर जोतीरामांच्या पत्नी, हौसाक्का, उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला नळी. पायथ्याशी लहान कपाटाएवढं ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. अण्णांच्या हातातला रेडिओ बोंबलत होता आणि त्यांना तो बंद करायचं बटण सापडेना. शेवटी मी काढून घेतला आणि बंद केला.

"छातीचं दुखणं हाय," हौसाक्का म्हणाल्या. एकेका वाक्याला थांबत होत्या. "लोक काय बाय बोलत्यात, म्हणून सांगितलं न्हाई कुणाला." मग यंत्राकडे बघून म्हणाल्या, "ह्येचा तरास हुतोय व्हय तुमास्नी? तुमी गाणं कवा ऐकता ते सांगा. तेवढा वेळ बंद ठेवीन. बसल्या जागी निभतंय मला थोडं." आणि खरंच त्यांचा हात बटणाकडे निघाला.

"नको," अण्णा म्हणाले. "नको अक्का."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "लाइट गेल्यावर काय करता?"

"शिलेंडर हाय एक. त्यो सरला की हे पुठ्ठ्यानं वारा घालत्यात." त्यांनी जोतीरामांकडे बघितलं. "वाऱ्यानं काय हुतंय? पण घालत्यात."

जोतीराम भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्या दिवशी खालून गाणं आलं नाही. मी उतरले तर अण्णा पायरीवर बसलेले.

"बाई, मी त्यांस्नी चोर म्हटलं. लोकांदेखत."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, अण्णा."

"तेच की. मोटार कुणाची, मिक्सर कुणाचा, सगळं वळखतो मी. भिंतीपलीकडं माणूस आजारी हाय, त्ये न्हाई कळलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला बोलावलं आणि बॅटऱ्या, इन्व्हर्टर हातगाड्यावर चढवला. स्वतः मात्र उंबऱ्याबाहेर पडेनात. मलाच पुढे पाठवलं. जोतीरामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमास्नी नको कुणाचं."

मी परत आले. शेवटी अण्णा निघाले. जोतीरामांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडं जागा न्हाई हो ठेवायला."

जोतीरामांनी शेजारच्या सात खोल्यांच्या घराकडे बघितलं. "एवढ्या घरात?"

"व्हय. लय अडचण झालीया."

इस्त्रीवाला हात थांबवून ऐकत होता, बायका दारात आल्या होत्या. अण्णांनी घसा साफ केला. कालच्याएवढ्याच मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "तुमी आकडा टाकला न्हाई. मी वंगाळ बोललो. चुकलं माझं."

आतून हौसाक्का बोलल्या, "आवं, आत घ्या की त्यांस्नी. उन्हात किती वेळ उभं करताय?"

आता लाइट गेली की त्यांचं यंत्र चालू राहतं आणि आमच्याकडचं गाणं कडव्याच्या मधेच तुटतं. अण्णा उठतात. "बॅटरीचं पाणी बघून येतो," म्हणतात आणि जोतीरामांकडे जातात. तसल्या बॅटरीला महिनोन्‌महिने पाणी लागत नाही, हे आता मलाही माहीत झालं आहे. तिथं दाराजवळच्या स्टुलावर मान खाली घालून बसतात. हौसाक्कांच्या डोळ्याला डोळा भिडवणं त्यांना अजून जमलेलं नाही. हौसाक्कांना गाण्यात काडीचा रस नाही. त्या बोलत राहतात: कुणाची पोर कुठं दिली, यंदा द्राक्षाला काय भाव, माहेरचा बैल कसा मारका होता. मध्ये दम लागला की थांबतात, मग पुन्हा धरतात. जोतीराम चहा ठेवतात. अण्णा "व्हय", "बरं", "मग?" एवढंच म्हणतात.

परवा संध्याकाळी लाइट आली तशी मी त्यांना बोलवायला गेले. खालच्या खोलीत गाणं आपलं आपण सुरू झालं होतं, रिकाम्या खुर्चीसमोर.

"अण्णा, लाइट आली."

"येऊ द्या," ते म्हणाले.

हौसाक्का बैलाच्या गोष्टीत मधेच दम घ्यायला थांबल्या होत्या. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून पुढचं वाक्य यायची वाट बघत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी हाताने खूण केली. "बसा."