आता खोललंच आहे तर

सासऱ्यांच्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये दोनच माणसं बसत, आणि गेल्या बत्तीस वर्षांत त्या दोघांत सासूबाई एकदाही नव्हत्या. हाडं खिळखिळी करून घ्यायची तर जिन्यावरून पडणं सोपं, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे दोघं थोरल्या लेकीकडे सहा आठवडे राहायला निघाले, तेव्हा सासूबाई, वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी लेक आणि चार बॅगा टॅक्सीनं स्टेशनवर गेल्या आणि सासरे आपल्या लाडकीतून. गाडी परत आणायला कुणीतरी हवं, म्हणून केवळ नाइलाजानं त्या दिवशी स्टिअरिंग धाकटीच्या नवऱ्याच्या, म्हणजे जावयाच्या हातात आलं होतं.

जावयाचा धंदा कान तपासण्याचा. दिवसभर लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. त्यामुळे स्वतःच्या कानांचा त्याला भलताच गर्व होता. तीन घरं पलीकडचा नळ ठिबकतोय हे तो जेवता जेवता सांगायचा. बायकोची हाक मात्र त्याला तिसऱ्या खेपेला ऐकू जाई.

पहिल्याच स्पीडब्रेकरला त्याचे कान टवकारले. चूं. दुसऱ्या खड्ड्याला पुन्हा, चूं. सासऱ्यांना काही पत्ता नव्हता. वरच्या पट्टीतलं त्यांना ऐकू येत नाही हे जावयानंच तपासून सांगितलं होतं, आणि तुमचं मशीन बिघडलंय असं सासऱ्यांनी त्याला उलट सांगितलं होतं. आत्ता ते खांबासारखे ताठ बसून समोर बघत होते, आणि प्रत्येक खड्ड्याला त्यांचे ओठ घट्ट मिटत होते. जावयाला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्या चालवण्याचा राग येतोय.

स्टेशनच्या दारात सासऱ्यांनी विषय काढला. आता हे वाहन झेपत नाही, आल्यावर ते कुणालातरी देऊन टाकणार. समोरचे दातांचे डॉक्टर दहा वर्षं मागे लागलेत. "पण तुमचाही विचार करतोय मी," ते म्हणाले. "तोवर हात लावायचा नाही. चालवायची नाही. रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू करायचं आणि मला फोनवर ऐकवायचं. बास."

जावयाला ती गाडी लग्नाआधीपासून हवी होती. खरं सांगायचं तर मुलगी बघायला गेला तेव्हा त्यानं आधी गाडी बघितली होती, आणि बायको हे अजून विसरलेली नाही. परतीच्या वाटेवर सासरे नव्हते, म्हणून त्यानं रेडिओ इतका मोठा लावला की गाडीचं एखादं चाक निखळलं असतं तरी त्याला कळलं नसतं. चूं होतंय की नाही, हे ऐकायचं साहजिकच राहून गेलं.

रविवारी इंजिन सुरू केलं. सासऱ्यांनी फोनवर दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं असणार. चांगला आवाज साठवून ठेवायची जावयाला सवय, म्हणून त्यानं तो रेकॉर्डही केला. मग बॉनेटवर रेलून त्यानं गाडी वरखाली दाबून बघितली. आवाज नाही. डॉक्टरसमोर आला की पेशंट नेमका बरा असतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. त्यानं निदान करून टाकलं, पुढच्या डाव्या चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी आर्ममधलं रबरी बुश. एवढं बदललं की सासरे येतील, गाडी गप्प असेल, आणि दातवाल्याची पोरं बसतील खिडकीत तोंड वासून.

मिस्त्री आला. हा म्हातारा गृहस्थ चाळीस वर्षं जुन्या गाड्या खोलत होता. त्यानं सोमवारी जॅक लावला, बोल्टला पाना लावला, आणि बोल्ट तुटला. तुटलेला बोल्ट काढायला आर्म काढावा लागला. आर्म निघाल्यावर त्याच्यामागचा गंज दिसला. मिस्त्रीनं हात पुसले आणि ते वाक्य उच्चारलं, ज्यानं आजवर कित्येक सुखी संसार स्टँडवर चढवलेत.

"साहेब, आता खोललंच आहे तर दुसरी बाजूपण करून घेऊ."

बुधवारपर्यंत पुढची दोन्ही चाकं निघाली, कारण एकीकडे नवीन आणि एकीकडे जुनं रबर असलं की गाडी ओढते. शुक्रवारपर्यंत मागची निघाली, कारण पुढचं नवीन झाल्यावर मागचं फारच केविलवाणं दिसायला लागलं. मग स्प्रिंगा निघाल्या, त्यांच्या मागोमाग पेट्रोलचा पाइप. रविवारी लाल लाडकी चार लोखंडी स्टँडवर पोट उघडं टाकून उभी होती आणि जावई तिच्याखाली उताणा पडून तारेच्या ब्रशनं बत्तीस वर्षांचा चिखल खरवडत होता. चिखल थेट त्याच्या तोंडात पडत होता, आणि त्याला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. जावयानं शांतपणे मागच्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. सासरे खूश.

पत्रा साफ झाल्यावर चालकाच्या पायाखाली भोक निघालं, बशीएवढं. त्यावर सासऱ्यांनी कधीकाळी बिस्किटाच्या डब्याचं झाकण रिव्हेट मारून बसवलं होतं. मॅट उचलली की झाकणावरचं मांजराचं पिल्लू वर बघून हसायचं. मिस्त्री त्या पिल्लाकडे बराच वेळ बघत राहिला.

"हे तुमच्या सासऱ्यांनी केलं?"

"हो."

"आणि ते तुम्हाला गाडीला हात लावू नका म्हणतात?"

पिल्लू गेलं, तिथे नवीन पत्रा वेल्ड झाला. काळा रंग लागला. खालची बाजू अशी चकचकीत झाली की जावई पाहुण्यांना चहा द्यायच्या आधी गॅरेजमध्ये नेऊन आडवं व्हायला लावू लागला. वरच्या बाजूला पोचे तसेच होते. त्याकडे कुणी बघितलं की तो नाराज व्हायचा.

आता बायकोचं. ती घरी केक करून ऑर्डरी पुरवायची आणि तिचा ओव्हन भलामोठा होता. सस्पेन्शनच्या आर्मना रंग दिल्यावर ते भाजून पक्के करायचे असतात, असं मिस्त्रीनं सहज सांगितलं होतं. बायको ऑर्डर पोचवायला गेली की जावई आर्म भाजायला ठेवायचा. चार दिवस कुणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकानं वाढदिवसाचा केक मेणबत्त्यांसकट परत पाठवला. वाढदिवसाच्या मुलीनं एकच घास खाल्ला होता, आणि ताजा रंग दिलेल्या दाराची चव आहे असं सांगितलं होतं. लेकरू खरंच बोललं होतं.

त्याच संध्याकाळी बायकोला फ्रीजरमध्ये चॉकलेटच्या शेजारी आठ काळी वेटोळी सापडली.

"हे काय आहे?"

"बुश. थंड केले की आकसतात, मग आर्ममध्ये नीट बसतात."

"आणि तू कशानं आकसशील, ते एकदा सांग मला."

तिनं त्याला दोन दिवस ओव्हन घासायला लावलं आणि बाबांना सगळं सांगायची धमकी दिली. पण सांगितलं नाही. दातवाल्याच्या दारात ती गाडी रोज बघायची कल्पना तिलाही सोसवत नव्हती. लहानपणी शाळेला उशीर होतोय हे तिला रोज त्याच गाडीच्या हॉर्ननं कळायचं.

घात केला तो रेकॉर्डिंगनं. त्यात पाचव्या मिनिटाला बायको वरून ओरडलेली होती, दूध उतू गेलं, फडकं घेऊन ये. सासऱ्यांना फक्त इंजिन ऐकू यायचं. पण चौथ्या रविवारी फोनजवळ सासूबाई बसल्या होत्या, आणि सासूबाईंचे कान उत्तम आहेत असं प्रमाणपत्र जावयानंच दिलं होतं. मागचे दोन रविवारही त्यांनी आतल्या खोलीतून हेच ऐकलं होतं. लेकीचं दूध दर रविवारी ठरल्या वेळी उतू जातंय आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही, म्हणजे पोरीचं घरात लक्ष राहिलेलं नाही, अशी त्यांची खात्री पटली. बुधवारी फोन आला. आम्ही शुक्रवारी परत येतोय.

गाडीला तेव्हा एकही चाक नव्हतं.

पुढचे दोन दिवस जावयानं दवाखाना बंद ठेवला. कान दोन दिवसांनी तपासले तरी कुणी मरत नाही. मिस्त्री, जावई आणि बायको, तिघं मिळून कामाला भिडले. शुक्रवारी दुपारी चाकं लागली, आणि मिस्त्री हटून बसला की बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीत माणसाचं वजन असताना, नाहीतर रबर पिळवटून महिन्यात फाटतं. सासऱ्यांचं वजन किती? सत्तर. बायकोनं मैद्याची पोती आणून चालकाच्या सीटवर बसवली. पट्टाही लावला.

शेवटचा बोल्ट आवळला आणि फाटकाशी टॅक्सी थांबली.

सासरे थेट गॅरेजमध्ये आले. आपल्या जागी बसलेला मैदा त्यांनी आधी उतरवायला लावला. पोती उतरवून झाल्यावर ते आत बसले, बुटाच्या टोकानं मॅट सरकवली आणि खाली बघत राहिले.

"मांजर कुठंय?"

जावयानं सगळं सांगून टाकलं, एका दमात, बुशपासून ओव्हनपर्यंत. बायको मध्येच म्हणाली, बाबा, माझाही हात आहे यात. सासऱ्यांनी दोघांकडे बघितलं. मग किल्ली फिरवली आणि जावयाला शेजारी बसायची खूण केली.

गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता. जावयानं डोळे मिटले. गाडी त्यावरून अशी गेली की कळलंसुद्धा नाही. धक्का नाही, आदळणं नाही.

चूं.

चार आठवडे, आठ बुश, एक केक, आणि चूं. जावयाला रडू यायचं बाकी होतं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा, चूं. पण आता त्याच्यातला कानवाला जागा झाला. आवाज खालून येत नव्हता. डावीकडूनही नव्हता. तो हळूहळू उजवीकडे कलत गेला आणि शेवटी त्याचा कान सासऱ्यांच्या कमरेला टेकला.

सासऱ्यांनी गाडी बाजूला घेतली. "काय चाललंय हे?"

"बाबा, हा आवाज तुमच्यातून येतोय."

सासऱ्यांनी इकडेतिकडे बघून शर्ट थोडा वर केला. आत कमरेचा पट्टा होता, रुंद, पोलादी पट्ट्या घातलेला. दीड वर्ष झालं, ते म्हणाले. मणके झिजलेत. या गाडीच्या एकेका खड्ड्याला डोळ्यापुढे अंधारी यायची, म्हणून तर देऊन टाकायची होती. "हिला ठाऊक नाही. कळलं तर मला खुर्चीतून उठू देणार नाही. आवाज करतो का तो? मला कधी ऐकू नाही आला."

"बाबा, मी कुणाला सांगणार नाही," जावई म्हणाला, आणि त्याला खरोखर भरून आलं.

सासऱ्यांनी पुन्हा गाडी काढली. मुद्दाम खड्ड्यात घातली. मग आणखी एका. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू पसरत गेलं.

"जावईबापू, काय काम केलंत हो. आज काही म्हणजे काही दुखलं नाही." त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "आता कशाला कुणाला द्यायची? अजून दहा वर्षं चालवीन मी."

घरी पोचल्यावर गाडी मऊ झालीय हे सासऱ्यांनी दारातूनच जाहीर केलं, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा सासूबाई पदर सावरत आत बसल्या. दोघं निघाले. जावई, बायको आणि मिस्त्री फाटकात उभे राहिले. जावयानं ती गाडी स्वतःच्या हातांनी, एकेक बोल्ट आवळून, स्वतःकडून काढून घेतली होती. बायकोनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मैदा वर न्यायचाय, असं ती हळूच म्हणाली.

स्पीडब्रेकरवरून गाडी गेली आणि लगेच थांबली. मग मागे मागे येत फाटकाशी आली. सासूबाईंनी काच खाली केली.

"खालून चूं चूं येतंय कसलं तरी," त्या म्हणाल्या. "यांना मेलं ऐकूच येत नाही. तुम्ही बघा जरा."

सासऱ्यांनी बायकोच्या डोक्यावरून जावयाकडे बघितलं, अगदी हात जोडल्यासारखं. जावई जमिनीवर आडवा झाला. चकचकीत काळ्या पत्र्याखाली डोकं घालून त्यानं बराच वेळ आवाज शोधायचं नाटक केलं. मग उठला, कपडे झटकले आणि गंभीरपणे मान हलवली.

"आई, काळजीचं आहे. खोलून बघावं लागेल. वेळ लागेल."

"किती?"

जावयानं सासऱ्यांकडे बघितलं. "ते बाबा सांगतील."

सासऱ्यांनी किल्ली काढली आणि खिडकीतून जावयाच्या तळहातावर ठेवली.